बजेट एप्रिलमध्ये ठरत नाही, म्हणून तर जानेवारीत जायचं

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. खाली नाव नसतं, टाउनशिप बदलते, बाकी तेच. सारांश असा: स्कूल बोर्डाचं (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचं) बजेट आधीच ठरलेलं असतं, सभा म्हणजे नुसतं नाटक. सुपरिंटेंडंट (सगळ्या शाळांचा मुख्य प्रशासक) आणि ऑफिसवाल्यांचे पगार कापले तर एकाही शिक्षकाला काढावं लागणार नाही. डिस्ट्रिक्टने, म्हणजे या शाळांच्या कारभाराने, पैसा दडवून ठेवलाय. खरे निर्णय बंद दाराआड होतात. आणि आपण ना सिटिझन, ना घरमालक, तेव्हा आपला संबंधच काय? शेवटी अर्थातच, ‘सर्वांना पाठवा’.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीची चार खपून जातात. म्हणून त्याच्यावर जरा वेळ घालवू.

एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जी पब्लिक हिअरिंग होते, तिथे बजेट जवळपास पक्कं झालेलं असतं, हे खरं. लोक त्या रात्री सभागृह भरून टाकतात, म्युझिक टीचरला वाचवा म्हणून पोरं ट्रम्पेट घेऊन येतात, दोन-तीन तास भाषणं होतात आणि शेवटी मूळ आकडा मंजूर होतो. बघणाऱ्याला नाटक वाटणारच. पण यामागे कट नाही, तारखा आहेत. डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. पुढच्या वर्षाची जुळवाजुळव आदल्या शरद ऋतूतच सुरू होते: प्रिन्सिपल आपापल्या मागण्या देतात, बिझनेस ऑफिस पटसंख्येचा अंदाज बांधतं, बोर्डाची फायनान्स कमिटी बसते. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये गव्हर्नरचं बजेटचं भाषण होतं आणि पाठोपाठ कुठल्या डिस्ट्रिक्टला किती स्टेट एड (राज्याकडून मिळणारी मदत), याचे आकडे बाहेर येतात. त्यानंतर हातात फक्त काही आठवडे. मार्चमध्येच टेंटेटिव्ह (तात्पुरतं) बजेट मंजूर करून ते काउंटीच्या एक्झिक्युटिव्ह सुपरिंटेंडंटकडे (हा राज्याचा अधिकारी) तपासणीला पाठवावं लागतं. त्यात १५ मेची आणखी एक टांगती तलवार: ज्या शिक्षकांना अजून टेन्युअर, म्हणजे नोकरीत कायमपणा, मिळालेलं नाही, त्यांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे त्या तारखेपर्यंत लेखी कळवावंच लागतं. मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोण काय उलटवणार?

म्हणजे आपण वरातीमागून घोडं घेऊन जातो आणि वरात निघूनच गेली होती अशी तक्रार करतो. डिसेंबर-जानेवारीच्या सभांना लोकांसाठीच्या खुर्च्यांवर पाच-सात माणसं असतात. मिडल स्कूलची लेट बस (शाळेनंतर थांबणाऱ्या मुलांसाठीची) ठेवायची की चौथीचं स्ट्रिंग्ज (व्हायोलिन वगैरेंचा वर्ग) बंद करायचं, हा विषय तेव्हा खराखुरा उघडा असतो. नंतर एका पानाच्या स्लाइडवर ‘रिडक्शन्स’ म्हणून जी यादी झळकते, ती याच काळात तयार होते. कर्टसी बसिंगचं उदाहरण घ्या. शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब राहणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलांना आणि अडीच मैलांपेक्षा लांबच्या हायस्कूलच्या मुलांना बस देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या आतल्या मुलांना बस मिळते ती डिस्ट्रिक्टच्या मर्जीने. पैसे कमी पडले की कात्री पहिल्यांदा तिथे लागते, किंवा पालकांकडून फी घेऊन बस चालू ठेवली जाते. आपली बरीच अपार्टमेंट कॉम्प्लेक्स या दोन मैलांच्या आतच आहेत. तरी जानेवारीत तिथे आपलं कुणी नसतं.

आता पगाराचा मुद्दा. हा सगळ्यात लोकप्रिय, कारण मोठा पगार डोळ्यांत भरतो. हिशेबापुरतं धरून चला, एका डिस्ट्रिक्टचं बजेट २०० मिलियन डॉलरचं आहे आणि त्यातले १५० मिलियन प्रॉपर्टी टॅक्समधून येतात. २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टींच्या काळात कायदा झाला: टॅक्स लेव्ही (प्रॉपर्टी टॅक्समधून गोळा करायची एकूण रक्कम) वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. म्हणजे वाढ ३ मिलियन. खर्च मात्र ४ टक्क्यांनी वाढला, तर ८ मिलियन हवेत. स्टेट एड जागच्या जागी राहिली तर भोक ५ मिलियनचं. हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, वाढलेली पटसंख्या यांसाठी २ टक्क्यांच्या वर थोडी सूट मिळते, जुनी न वापरलेली मर्यादा तीन वर्षांपर्यंत वापरता येते. त्याने भोक लहान होतं, बुजत नाही. आता सुपरिंटेंडंटला अडीच लाख मिळतात असं समजा आणि सगळेच्या सगळे कापा. पाच मिलियनमधले पाच टक्के गेले. बाकीचे पंच्याण्णव?

पगारावर मर्यादा घालून पाहिलंच नाही असंही नाही. २०११ पासून न्यू जर्सीत सुपरिंटेंडंटच्या पगारावर सरकारी मर्यादा होती, सुरुवातीला बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त १,७५,००० डॉलर. माणसं शेजारच्या राज्यांत निघून जातात अशी ओरड वर्षानुवर्षं चालली आणि २०१९ मध्ये कायदा करून ती काढून टाकली. त्या आठ वर्षांत शिक्षककपात थांबली होती का, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

खरं दुखणं दुसरीकडे आहे. शाळेच्या खर्चाचा सिंहाचा वाटा माणसांचे पगार आणि त्यांचा आरोग्यविमा हाच असतो, आणि अलीकडच्या वर्षांत सरकारी योजनेतल्या विम्याचे हप्ते दोन आकडी टक्क्यांनी वाढलेत. दुसरं, स्पेशल एज्युकेशन. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रत्येक मुलामागे, देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचा शब्द दिला होता. वॉशिंग्टनने तो आजवर कधीच पुरा पाळला नाही. तिसरं, २०१८ चा एस-टू कायदा. स्टेट एडचं २००८ चं सूत्र कागदावर होतं, पण काही डिस्ट्रिक्टना सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं, काहींना कमी. एस-टूने जास्तवाल्यांची मदत २०२४-२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने कापली. जर्सी सिटी हे ठळक उदाहरण: तिथली मदत इतकी घटली की शाळांना पैसा मिळावा म्हणून शहराने तिथल्या कंपन्यांवर १ टक्का पेरोल टॅक्स (त्या देत असलेल्या पगारांवरचा कर) लावला. टॉम्स रिव्हरलाही फटका जबर बसला. त्याच वेळी ज्या उपनगरांत पटसंख्या वाढत होती, आणि यात आपली बरीच वस्ती येते, त्यांची मदत वाढली. तेव्हा एका टाउनशिपचा संताप दुसऱ्या टाउनशिपच्या ग्रुपवर जसाच्या तसा चिकटवणं हाच मुळात घोटाळा आहे.

कोविडचा पैसा कुठे गेला, असंही मजकुरात कधी कधी घुसडलेलं असतं. केंद्राकडून तीन हप्त्यांत देशभरच्या शाळांना सुमारे १९० बिलियन डॉलर मिळाले आणि शेवटच्या हप्त्याची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली. ज्यांनी तो एकदाच येणारा पैसा कायमच्या नोकऱ्यांवर लावला, ते आता कात्री हातात घेऊन बसलेत. यावर बोर्डाला जरूर धारेवर धरा. पैसा खाल्ला म्हणणं वेगळं आणि चुकीच्या ठिकाणी लावला म्हणणं वेगळं.

पैसा दडवण्याचं तर थोडक्यात आटपतं. न्यू जर्सीत सर्वसाधारण नियम असा की मोकळी शिल्लक बजेटच्या २ टक्क्यांच्या वर गेली की ती ‘एक्सेस सरप्लस’ ठरते आणि पुढच्या बजेटांत वापरावीच लागते. छपरं, बॉयलर वगैरेंसाठी कॅपिटल रिझर्व्ह वेगळा असतो, तो शिक्षकांच्या पगाराला लावता येत नाही. हे सगळं ‘युजर-फ्रेंडली बजेट’ नावाच्या कागदात असतं. डिस्ट्रिक्टला तो वेबसाइटवर टाकावाच लागतो, सुपरिंटेंडंटच्या कराराच्या अटींसकट. नाव जरा फसवं आहे, पहिल्या वाचनात डोकं धरायला होतं. पण शिल्लकेचं पान सापडलं की पाच मिनिटांचं काम.

बंद दाराआड काय चालतं? चालतं, आणि काय चालू शकतं याची यादी १९७५ च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज कायद्यात आहे: व्यक्तीच्या नोकरीचा विषय, युनियनशी वाटाघाटी, कोर्टकचेरी, विद्यार्थ्याची खासगी माहिती. बंद बैठकीत जाण्यापूर्वी बोर्डाला विषय सांगून उघड ठराव करावा लागतो, आणि बजेटची मंजुरी तिथे देता येत नाही. गंमत म्हणजे ज्याच्या नोकरीवर चर्चा होणार, त्या कर्मचाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते आणि ‘माझ्याबद्दल उघड सभेतच बोला’ असा हट्ट तो धरू शकतो. १९७७ च्या एका खटल्यावरून तिला ‘राइस नोटीस’ म्हणतात. बोर्डाचे सदस्य बिनपगारी असतात, हेही जाता जाता.

राहता राहिलं शेवटचं, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे. ‘आपण भाड्याने राहतो, आपला संबंध नाही.’ राज्याचा इन्कम टॅक्स फॉर्म तुम्ही दरवर्षी भरता ना? त्यात भाडेकरूच्या वर्षभराच्या भाड्यातली १८ टक्के रक्कम प्रॉपर्टी टॅक्स म्हणूनच धरतात आणि त्यावर सवलत देतात. महिना २,५०० डॉलर भाडं असेल तर वर्षाचे ३०,००० झाले, त्यातले ५,४०० तुम्ही प्रॉपर्टी टॅक्स म्हणून भरलेत असं खुद्द राज्य म्हणतंय. आणि प्रॉपर्टी टॅक्सचा अर्ध्याच्या आसपासचा वाटा शाळांना जातो. २०२४ मध्ये राज्यातलं घरामागचं सरासरी बिल पहिल्यांदाच दहा हजार डॉलरच्या वर गेलं. तो भार घरमालक आपल्या खिशात ठेवतो असं वाटत असेल तर पुढच्या लीजची वाट बघा.

मत मात्र नाही, हे खरं. बोर्डाच्या निवडणुकीत व्हिसावाल्याला आणि ग्रीन कार्डवाल्यालाही मत नाही. (नेवार्कने २०२५ पासून या निवडणुकीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत दिलं, पण त्यालाही सिटिझन असावं लागतंच.) शिवाय ज्या डिस्ट्रिक्टनी निवडणूक नोव्हेंबरला हलवली, आणि जवळपास सगळ्यांनी हलवली आहे, तिथे टॅक्सवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असलेल्या बजेटवर सिटिझनलासुद्धा मत देता येत नाही. म्हणजे बजेटपुरतं बघितलं तर माइकसमोर सगळे सारखेच. प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ राखून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. नाव आणि गाव सांगायचं, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. स्टेटस कुणी विचारत नाही.

तीन मिनिटांत ‘भ्रष्टाचार थांबवा’ म्हणून खाली बसू नका. ‘आमच्या कॉम्प्लेक्सची कर्टसी बस पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आहे का, नसेल तर फी किती असेल, आणि हा विषय फायनान्स कमिटीत कोणत्या तारखेला येणार’ असं विचारा. बोर्ड तिथल्या तिथे उत्तर द्यायला बांधील नसतं, त्यामुळे हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी बोर्ड सेक्रेटरीला ईमेलने पाठवा. डिसेंबरच्या सभेचा अजेंडा काही दिवस आधी वेबसाइटवर येतो; तो ग्रुपवर टाका, त्या मजकुराच्या जागी.