हनोईत जेवायचं तर आधी गुडघे तपासा

हनोईला निघालेला माणूस पोटाच्या गोळ्या बरोबर घेतो. माझं म्हणणं, गुडघ्याचा बाम घ्यावा. व्हिएतनामच्या या राजधानीत उत्तम अन्न फुटपाथवर मिळतं आणि फुटपाथवर बसायला मिळतं ते वीत-सव्वा वीत उंचीचं प्लास्टिकचं स्टूल, लाल नाहीतर निळं.

मराठी माणसाला वाटतं, आपण पंगतीत मांडी घालून श्रीखंडापर्यंत टिकलेले लोक, आपल्याला स्टुलाची काय मातब्बरी! इथेच घात होतो. या स्टुलावर मांडी घालता येत नाही. पाय लांब करावेत तर समोर दुसऱ्याचं स्टूल. मागे रेलावं तर नुकतीच आणून लावलेली स्कूटर, तिचा सायलेन्सर तापलेला. गुडघे छातीशी येतात, टेबल गुडघ्यांच्या खाली राहतं आणि वाडग्यापासून तोंडापर्यंतचा प्रवास नको इतका लांब होतो. शर्टावरचे डाग हे त्या प्रवासातले थांबे.

म्हणून बसण्याची पद्धत नीट समजून घ्या. स्टुलाचे चारही पाय सपाट टेकलेत का ते आधी बघायचं, कारण फुटपाथच्या फरश्या सैल असतात आणि एक पाय फटीत गेला की माणूस वाडग्यासकट जातो. देह भारदस्त असेल तर न लाजता एकात एक घातलेली दोन स्टुलं घ्यायची, तिथलेही घेतात. मजबुती दुप्पट होते, उंची बोटभरच वाढते, पण त्या बोटाची किंमत गुडघ्यांना विचारा. वजन कायम पुढे ठेवायचं. उठताना हात टेबलावर नाही, स्वतःच्या मांड्यांवर टेकवायचे. टेबल स्टुलापेक्षा नाजूक असतं.

या बुटक्या फर्निचरचा मोठा फायदा म्हणजे ते क्षणात एकात एक घालून आत पळवता येतं. फुटपाथ मोकळे करण्याच्या मोहिमा तिथेही निघतात. 2017 सालची फार गाजली होती. पोलिसांची गाडी दिसली की स्टुलं नाहीशी होतात आणि गिऱ्हाईक हातात वाडगा धरून उभं राहतं. महापालिकेची गाडी बघितलेल्या मुंबई-पुणेकरांना यापुढचं वर्णन सांगायला नको.

आता वाडग्यात काय आहे ते बघू. सकाळी फो. गाईच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा, त्यात भाजलेला कांदा, भाजलेलं आलं, चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलची, म्हणजे आपल्या गोडा मसाल्याच्या डब्यातलीच मंडळी. त्यात तांदळाच्या चपट्या शेवया आणि वर मांसाचे काप: अर्धकच्चे हवे असतील तर ‘ताय’, पूर्ण शिजलेले हवे असतील तर ‘चिन’. गोमांस चालत नसेल तर कोंबडीचा ‘फो गा’ मागावा. मात्र बऱ्याच दुकानांत एकच पदार्थ होतो, तेव्हा पाटीवर ‘बो’ (गोमांस) आहे की ‘गा’ (कोंबडी) ते बसण्याआधी वाचा. या स्टुलावरून उठून दुसरीकडे पुन्हा बसणं म्हणजे दुप्पट व्यायाम.

पहिला चमचा रस्सा काही न घालता प्यायचा. मग लसूण घातलेला व्हिनेगर, मिरची, लिंबू, जे टेबलावर असेल ते थोडं थोडं. उजव्या हातात चॉपस्टिक्स, डाव्या हातात चमचा. शेवया उचलून चमच्यात ठेवायच्या आणि चमचा तोंडाशी न्यायचा. यात लपवण्यासारखं काही नाही, सुरक्षित मार्ग तोच. फोटो काढत बसू नका, शेवया रस्सा पिऊन फुगतात. बरोबर ‘क्वाय’ नावाची तळलेली मैद्याची कांडी मिळते. ती बुडवून लगेच खायची, रेंगाळलात तर वाडग्यात लगदा होतो. हे तंत्र चहात खारी बुडवणाऱ्यांना उपजतच येतं. दहानंतर जाऊन ‘संपलं’ ऐकायची तयारी ठेवा, कारण हा नाश्ता आहे.

शाकाहाऱ्यांची परीक्षा वेगळी. ‘मांस नको’ एवढंच सांगितलंत तर मासा येतो. ‘मासा नको’ म्हणालात तर कोळंबी येते. सगळं नको म्हणून लसणावर परतलेली राऊ मुओंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, मागवलीत तरी तिच्यात ऑयस्टर सॉस किंवा ‘नुओक माम’, म्हणजे माशाचं खारवलेलं पाणी, असू शकतं. तिथल्या स्वयंपाकात ते मिठाच्या जागी असतं आणि मिठाला कोणी मांसाहार समजत नाही. उपाय असा: ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, अशी पाटी असलेलं हॉटेल शोधायचं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध घरांत शाकाहार पाळतात, तेव्हा असे पदार्थ जास्त दिसतात. काटेकोर जागी कांदा-लसूणही वर्ज्य. पण एक धक्का सोसावा लागतो: ताटात कोंबडीची तंगडी येते, हुबेहूब. ती सोयाबीनची असते आणि हाडाच्या जागी गवती चहाची काडी.

टोफू बघून खूश झालेल्या शाकाहाऱ्यांसाठी खरा सापळा म्हणजे ‘बुन दाउ माम तोम’. शेवयांच्या वड्या, गरम तळलेला टोफू, काकडी, हिरवा पाला, सगळं सात्त्विक दिसतं. बरोबर डुकराचं उकडलेलं मांस असतं, ते बाजूला सारता येईल. मधल्या वाटीतलं जांभळट-करडं प्रकरण मात्र जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचं, मीठ घालून आंबवलेलं. वास गल्लीच्या तोंडापासून स्वागत करतो. कोकणातल्या माणसाला घरची आठवण येते. बाकीच्यांनी कृती पाळावी. वाटीत साखर घाला, छोटं लिंबू पिळा, मिरची टाका आणि चॉपस्टिक्सनी फेस येईपर्यंत जोरात घोटा. न घोटता टोफू बुडवणारे लोकच पुढे त्या पदार्थाची बदनामी करतात. घोटल्यावर वास नमतो आणि चव खुलते, असं माझं ठाम मत आहे. धीर होत नसेल तर सोया सॉस मागा, नाक मुरडू नका.

पोट भरलं की रस्ता ओलांडायचा. स्कूटरींचा लोंढा थांबेल म्हणून वाट बघणारा संध्याकाळपर्यंत तिथेच सापडतो. एका संथ, सारख्या गतीने चालत राहायचं. धावायचं नाही, थबकायचं नाही आणि पाऊल मागे तर कधीच घ्यायचं नाही. प्रत्येक स्कूटरवाल्याने तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल याचा हिशोब करून वळण ठरवलेलं असतं. तुम्ही थांबलात की त्याचा हिशोब चुकतो. बस आणि मोटार मात्र वळत नाहीत, तिथे हिशोब तुम्ही करायचा. पुण्यातल्या चौकातला अनुभव इथे कमी पडतो, कारण त्यात मुख्य भाग भांडणाचा असतो.

पलीकडे पोचलात तर एग कॉफी प्या. 1946 साली दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याने अंड्याचं पिवळं फेटून ही कॉफी बनवली, असं सांगतात. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. फेस गार झाला की अंडं जाणवायला लागतं, म्हणून गरम असतानाच संपवा.

राहता राहिले पैसे. तिथलं चलन डोंग, साधारण 300 डोंगला एक रुपया. किमतीतली शेवटची तीन शून्यं उडवा, उरलेल्याला तिनाने भागा, दहाने गुणा: 60,000 चा फो म्हणजे 200 रुपये. बोलताना हजार गाळतात, तेव्हा बोटांनी ‘साठ’ दाखवलं तर साठ डोंग काढून देऊ नका. 20,000 आणि 500,000 या दोन्ही नोटा निळसर आहेत, दिव्याखाली तर सख्ख्या बहिणी. देताना शून्यं मोजा: चार असली तर द्या, पाच असली तर परत खिशात. आणि टेबलावरचा पाकीटबंद ओला रुमाल फुकट नसतो. फोडला नसेल तर बिल होताना दाखवा, दोन-तीन हजार वाचतात. आपल्या हिशोबाने सात ते दहा रुपये, पण मराठी माणसाला ते सोडायचं कारण नाही.