पाण्यावर गाडी? आधी हिशेब दाखवा

‘पाण्यात हायड्रोजन आहे, तो जळतो. ऑक्सिजन आहे, तो जाळतो. मग बॅटरीने पाणी फोडा, निघालेला वायू इंजिनात सोडा, टाकीत नुसतं पाणी भरा. तेल कंपन्यांनी हा शोध दाबून ठेवलाय.’ या मजकुराचा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. बरणीत बुडबुडे दिसतात, काडी लावली की फट्ट आवाज होतो. दोन्ही खरंच घडतं. विजेने पाणी फोडण्याचा प्रयोग तर १८०० सालीच झालाय. गफलत आहे ती त्यापुढे.

‘हायड्रोजन आहे म्हणजे पाणी इंधनच.’ नाही. हायड्रोजन जळून झाल्यावर जे उरतं ते पाणी. चुलीतली राख पुन्हा पेटवण्याचा हा प्रकार आहे. १८ ग्रॅम पाणी तयार होताना २८६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते आणि तेच पाणी फोडायला किमान तेवढीच घालावी लागते. प्रत्यक्षात जास्तच. एक किलो हायड्रोजन जाळून ३९ युनिटच्या आसपास ऊर्जा मिळते. तो बनवायला मोठ्या प्रकल्पातही ५० च्या आसपास युनिट वीज जाते.

‘पण वीज तर गाडीच्याच अल्टरनेटरची (गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्राची), म्हणजे फुकट.’ खरी मेख इथे आहे. अल्टरनेटर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. त्याच्यावर भार टाकला की तो जड होतो आणि इंजिन तेवढं जास्त पेट्रोल पितं. हिशेब मांडूनच बघा. पाणी फोडणाऱ्या सहा बरण्या, म्हणजे सेल, एकसर (एकापुढे एक) जोडणीत, १२ व्होल्ट, २० अँपिअर: झाले २४० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनकडून ४०० वॉट गेले. निघालेल्या वायूत ऊर्जा उरते फार तर १७८ वॉट. तो वायू इंजिनात जाळला, इंजिनने चौथा हिस्सा कामाला लावला, की हाती येतात ४४ वॉट. ४०० दिले, ४४ आले. उरलेले कुठून भरून निघतात? पेट्रोलच्या टाकीतून.

‘विजेची खास फ्रीक्वेन्सी किंवा उत्प्रेरक (क्रिया सोपी करणारा पदार्थ) वापरला की कमी वीज पुरते.’ चांगल्या उत्प्रेरकाने वरची नासाडी कमी होते, हे मान्य. मूळ २८६ किलोज्यूल मात्र हलत नाहीत, कारण सुरुवातही पाणी आणि शेवटही पाणी.

‘मायलेज तरी वाढतं.’ हायड्रोजनमुळे ज्वाला वेगाने पसरते, एवढं खरं. पण वरच्या जोडणीतून तासाला निघतो जेमतेम साडेचार ग्रॅम हायड्रोजन! शिवाय दोन्ही वायू स्फोटाला अगदी नेमक्या प्रमाणात एकाच नळीत. बारीकशी ठिणगी पुरते. असलं काही गाडीत बसवू नका.

‘मग रॉकेट आणि हायड्रोजनच्या गाड्या कशा चालतात?’ टोयोटा मिराईच्या टाकीत ७०० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबाचा हायड्रोजन असतो. पाणी तिच्यातून बाहेर पडतं, आत भरलं जात नाही. स्पेस शटलच्या मुख्य इंजिनांचंही तेच. हायड्रोजन आधीच कुठेतरी ऊर्जा खर्चून बनवलेला असतो. (पाण्यातल्या जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांत प्रचंड ऊर्जा आहे, पण ती अणुसंमीलनाची गोष्ट, बरणीत दोन पट्ट्या बुडवून ती हाती येत नाही.)

शेवटी ‘दाबलेला शोध’. त्यासाठी नाव घेतलं जातं पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा करणाऱ्या, अमेरिकेतल्या ओहायोच्या स्टॅनली मेयर यांचं. दोन गुंतवणूकदारांनी त्यांना कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी त्यांचा सेल तपासला, तर त्यात नेहमीचंच विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाणी फोडणं, निघालं. १९९६ मध्ये कोर्टाने ही उघड फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करायला लावले. १९९८ मध्ये ते वारले. विषप्रयोगाच्या कथा अजून चालतात, पण तपासणीत मृत्यूचं कारण मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा असं निघालं. आणि त्यांची पेटंटं? ती कुणीही उघडून वाचू शकतो. मुदत केव्हाच संपल्यामुळे त्यावरून यंत्र बनवायला आता कुणाची परवानगीही लागत नाही.