"पॉलिश मारून देतो" म्हणजे भरपाई झाली का?

"निघून जातं हो ताई, जरा थिनर लावलं की निघून जातं." दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे आपल्या गाडीवर काही उडालं, सांडलं, घासलं गेलं की समोरून पहिलं वाक्य हेच येतं आणि ते बोलतानाच त्या माणसाच्या हातात फडकं तयार असतं. ते फडकं गाडीला लागलं की निम्मी केस तिथेच संपते, कारण त्यानंतर डाग त्याचा की पुसण्याने पडलेले चरे तुमचे हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी त्या रंगाचं गणित बघू, कारण सगळं भांडण शेवटी तिथेच येतं. पत्र्यावर सगळ्यात खाली गंज अडवणारा इलेक्ट्रोकोट, मग प्रायमर, मग बेस कोट म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सगळे थर मिळून दोन केसांइतकी जाडी झाली. त्यातला क्लिअर कोट फक्त ४०-५० मायक्रॉनचा आणि चकाकी, उन्हापासून संरक्षण, सगळं त्याच्याच जिवावर. पॉलिश, रबिंग, कंपाउंड काहीही मारा, चरा "निघतो" म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या पातळीला आणला जातो. तो घासलेला भाग परत येत नाही. तेव्हा "पॉलिश मारून देतो, विषय संपला" असं कुणी म्हणालं तर तो त्याची चूक तुमच्या शिलकीतून भरून देतोय. शिल्लक तुमची, चूक त्याची, वर उपकारही त्याचेच.

माझ्या बाबतीत प्रकरण ओव्हरस्प्रेचं, म्हणजे स्प्रेतला रंग वाऱ्याने उडून भलतीकडे बसण्याचं होतं. शेजारी लोखंडी जिन्याला स्प्रेने रंग मारायचं काम सुरू होतं, वारा चांगलाच होता, ना आडोसा लावलेला ना कुणाला गाड्या हलवा म्हणून सांगितलेलं. लांबून काहीच दिसत नव्हतं. हात फिरवला तर अख्खं बॉनेट सँडपेपरसारखं. (हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवली की हा खरखरीतपणा दुप्पट जाणवतो, करून बघा.) काचेवर होतं, हेडलाइटवर होतं, दरवाजाच्या काळ्या रबरवर तर सगळ्यात जास्त. आणि मग तो फडकंवाला माणूस आला. मी हात लावू दिला नाही. तो बिचारा चांगल्या मनानेच आला असेल, पण थिनर हेडलाइटच्या प्लास्टिकवर घासलं तर ते प्लास्टिक धुरकट होतं, बारीक तडेही जातात, आणि आधी कधी रिपेंट केलेलं पॅनल असेल तर तिथला रंग मऊ पडून फडक्यालाच चिकटून येऊ शकतो. अशा वेळी आधी क्ले बार, म्हणजे रंगावर बसलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, वापरायचा असतो, भरपूर वंगण मारून, हलक्या हाताने. क्लेनेही पृष्ठभागावर बारीक धूसरपणा येतो, तो घालवायला एक हलकं पॉलिश लागतंच. म्हणजे नीट काम करूनही क्लिअर कोट थोडा जाणारच. तो किती जाणार आणि कोण घालवणार हे मी ठरवणार, ज्याने रंग उडवला तो नाही, एवढाच माझा हट्ट होता.

"हात लावू नका" ला एक अपवाद आहे, तो सांगितला नाही तर कुणीतरी माझ्या नावाने गाडी खराब करून घेईल. ओलं सिमेंट किंवा ब्रेक ऑइल पडलं असेल तर पटापट फोटो काढा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा, फक्त घासू नका. सिमेंट अल्कलाइन असतं, सुकत जातं तसं रंगाला खातं, आणि ब्रेक ऑइलने रंग फुगून वर येतो. तिथे तसंच ठेवून वाट बघत बसलात तर समोरचा म्हणेल की अर्धं नुकसान तुम्हीच होऊ दिलं, आणि त्याचं म्हणणं चूकही ठरणार नाही. नुकसान वाढू न देणं ही ज्याचं नुकसान झालंय त्याचीही जबाबदारी असते.

फोटोंचं म्हणाल तर लोक डागाचा क्लोजअप काढतात आणि थांबतात. त्या क्लोजअपवरून कुणाच्याही गाडीचा कुठलाही डाग असू शकतो. मागे परांची, कॉम्प्रेसर, रंगाचे डबे आणि पुढे गाडी असा एक लांबचा फोटो हवाच. तिरप्या उजेडात, टॉर्च आडवी धरून काढलेले हवेत. आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे शेजारच्या गाड्या! वाऱ्याच्या दिशेला उभ्या असलेल्या सगळ्यांवर त्याच रंगाचे ठिपके आणि उलट बाजूच्या गाड्या स्वच्छ, एवढं दिसलं की "तुमच्या गाडीवर आधीपासूनच असेल" हे वाक्य कुणी उच्चारत नाही. सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी मागा, ते रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आणि त्याच दिवशी एक साधा मेसेज टाका, अमुक वेळी अमुक कामामुळे असं झालंय, फोटो जोडलेत, तुमचा माणूस पाठवून बघून घ्या. शिव्या नकोत, धमकी नको. समोरून "बघतो मॅडम" एवढं जरी आलं तरी त्याला कळवलं होतं हे लेखी झालं.

मग सुरू होते टोलवाटोलवी. जागामालक म्हणतो काँट्रॅक्टरला विचारा, काँट्रॅक्टर म्हणतो पोट-काँट्रॅक्टरने केलं, आणि शेवटी सगळे मिळून वाऱ्यावर येतात. वाऱ्याला कोण जबाबदार! अहो पण वारा दिसत असताना स्प्रे गन चालू करायचा निर्णय वाऱ्याने घेतला नव्हता ना, ब्रशने मारता आलं असतं, पडदा बांधता आला असता. इंग्लंडमधला एक १८६३ चा जुना निकाल आहे, रस्त्याने जाणाऱ्या माणसावर गोदामाच्या खिडकीतून पिठाचं पिंप पडलं, आणि कोर्टाने म्हटलं की पिंपं अशी आपोआप पडत नसतात, निष्काळजीपणा झाला नव्हता हे आता गोदामवाल्यानेच दाखवावं. सगळीकडे कायदे वेगळे, पण व्यवहारात हा मुद्दा कुठेही मांडता येतो: बंद उभ्या गाडीवर ऑइलपेंट आपोआप येत नाही.

एक मात्र मी कधीच करणार नाही, स्प्रे मारणाऱ्या पोराकडून पैसे मागणार नाही. ज्याने त्याला कामावर ठेवलं, पडदा न देता काम करायला लावलं, त्याच्याकडे मागायचे, आणि कामगाराच्या चुकीला कामावर ठेवणारा जबाबदार हे तत्त्व जवळपास सगळीकडे मान्य आहे. बऱ्याच काँट्रॅक्टरकडे थर्ड पार्टी नुकसानीचा विमा असतो आणि ते स्वतःहून त्याचं नावही काढत नाहीत, सरळ विचारायचं, पॉलिसी आहे का, क्लेम टाका. मी जागामालक आणि काँट्रॅक्टर दोघांना एकच मेसेज पाठवला, दोघं आपापसात काय ते बघोत.

गाडी वॉशिंगला, सर्व्हिसिंगला किंवा पार्किंगवाल्याच्या ताब्यात दिली असेल तर उलट तुमची बाजू जास्त भक्कम असते. चांगली दिली, खराब मिळाली, मधल्या वेळात ती त्याच्या ताब्यात, म्हणजे काय झालं ते त्याने सांगायचं. फक्त "चांगली दिली" हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून देताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ आणि जॉब कार्डवर आधीच्या चऱ्यांची नोंद. घेतानाही तिथेच, उजेडात बघून घ्या. आणि तो "नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" वाला बोर्ड, तो लावला म्हणून स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही, बोर्ड मुख्यतः तुम्ही भांडायला येऊ नये म्हणून असतो.

आता पैसे किती मागायचे. गाडी आधी होती तशी करायला जो खर्च येईल तो, कमी नाही आणि जास्तही नाही. बंपरवरचे जुने चरे, मागच्या वर्षीचा पोचा, सगळं याच बिलात घुसवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, त्यांच्यामुळे खरं नुकसान झालेल्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. दोन ठिकाणची लेखी कोटेशन्स घ्या, त्यात काम काय काय करणार ते फोडून लिहिलेलं हवं.

चरा नखाला लागत नसेल तर बहुतेक वेळा पॉलिशने भागतं. नख अडकलं तर तो खोल आहे, तिथे रंगच मारावा लागतो, आणि तिथे खरी लढाई सुरू होते. "एकाच दाराला लागलंय ना, मग तीन पॅनलचे पैसे कशाला?" कारण मेटॅलिक आणि पर्ल रंगातले चमकते कण फवारताना कसे बसतात त्यावर शेड ठरते, रंगाचा कोड तोच असला तरी नवीन दार शेजारच्या पॅनलपेक्षा वेगळं दिसतं. म्हणून शेजारच्या पॅनलवर रंग हळूहळू विरवत न्यावा लागतो. पेंटरला हे विचारून कोटेशनमध्येच लिहून घ्या, नंतर सांगितलं तर वाढवून मागतेय असं वाटतं.

आणि म्हणूनच जिथे पॉलिशने जमतंय तिथे मी रिपेंट मागत नाही, मोफत मिळत असला तरी. कंपनीत रंग साधारण १३०-१४० डिग्रीला भाजला जातो, तेव्हा गाडीत प्लास्टिक, सीट, वायरिंग काही नसतं. तयार गाडी तेवढी तापवताच येत नाही, म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये ६० डिग्रीच्या आसपास वेगळ्या प्रकारचा रंग वापरतात. चांगला पेंटर असेल तर काम सुरेख होतं, पण मूळ रंग तो मूळ रंग. पुढे गाडी विकायला काढली की घेणारा जाडी मोजायचं मीटर लावतो, बाकी पॅनल १२० आणि हे एक २५० दाखवलं की त्याच्या मनात अपघात येतो, पोचा बुजवायला लांबी म्हणजे पुट्टी भरलेली असेल तर आकडा कितीतरी वर जातो. किंमत पाडून मागितली जाते. ही घटलेली किंमतसुद्धा नुकसानच आहे आणि ती मागायला लाजू नये. काही ठिकाणी ती मिळते, काही ठिकाणी मान्य करून घेणं अवघड जातं, पण निदान वाटाघाटीत तरी मांडाच. गाडी गॅरेजमध्ये असताना दुसरी सोय करावी लागली तर तिच्याही पावत्या ठेवा.

"कशाला कटकट, स्वतःच्या इन्शुरन्समधून करून घे" हा सल्ला मला सर्वात जास्त मिळाला. घ्या, नाइलाज असेल तर घ्या. पण सुरुवातीची ठरलेली रक्कम तुमच्या खिशातून जाते, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, आणि चूक ज्याची तो मोकळा राहतो. तुमची विमा कंपनी नंतर त्याच्याकडून वसूल करू शकते, पण तुम्ही आधीच त्याच्याकडून किरकोळ रक्कम घेऊन "फुल अँड फायनल" वर सही केली असेल तर तो रस्ता बंद होतो आणि तुमचा स्वतःचा क्लेमही अडकू शकतो. सही सगळ्यात शेवटी. काम झालं, गाडी उन्हात उभी करून बघितली, मग.

माझ्या गाडीवर रंग उडवणाऱ्या काँट्रॅक्टरने डिटेलिंगचं, म्हणजे क्ले-पॉलिश करून गाडी साफ करण्याचं, पूर्ण बिल दिलं, बऱ्यापैकी कुरकुर करून. बॉनेट आणि काचा साफ झाल्या. दरवाजांच्या रबरवरचे ठिपके काही निघत नाहीत, ती पट्टी बदलावीच लागणार, आणि त्याचं म्हणणं रबर म्हणजे काही "बॉडी" नाही. कोटेशन पाठवलंय, सही अजून केलेली नाही.