निलंबनाने रुग्णालय सुरक्षित होत नाही

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. चौकशी समिती बसली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली, सगळीकडे फायर ऑडिटचे आदेश निघाले. दहाच महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि किमान अकरा रुग्ण गेले. या वेळी एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली.

हलगर्जीपणाला शिक्षा व्हायलाच हवी. पण जिल्हा रुग्णालयाची इमारत आणि विजेची कामे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पदभरती आणि निधीच्या मंजुऱ्या मंत्रालयात, मोठी औषधखरेदी तिसऱ्याच यंत्रणेकडे, अशी आपल्याकडची विभागणी आहे. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाती यातले काहीच नसते, तरी जबाबदारीची साखळी वर न चढता नेमकी तिच्यापाशी येऊन थांबते, हे मला अन्यायाचेच नव्हे तर धोक्याचेही वाटते. कारण उद्या एखाद्या यंत्राच्या प्लगमधून ठिणगी उडालेली दिसली, किंवा चुकीचे इंजेक्शन देता देता हात थांबला, तर ते नोंदवण्याआधी ती स्वतःच्या नोकरीचा विचार करील आणि गप्प बसेल. दुर्घटना टाळण्यासाठी सर्वांत मोलाची माहिती असते ती हीच, थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचे उघड झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्यानंतर एका खासदारांनी तेथील अधिष्ठात्यांना शौचालय स्वच्छ करायला लावले. त्या दृश्याची चर्चा खूप झाली आणि तेवढ्यात मूळ प्रश्न मागे पडला. उच्च न्यायालयाने मात्र स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदे, औषधे आणि आरोग्यावरील खर्च यांविषयी शासनाला विचारणा केली. विचारायचे ते हेच होते.

केंद्र सरकारचा २०१८ ते २०२५ या काळासाठीचा रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा कागदावर होता आणि अशा घटनांच्या नोंदींची व्यवस्था उभारणे हा त्याचा भाग होता. ती व्यवस्था प्रत्येक शासकीय रुग्णालयात चालू हवी, आणि तिथे नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला लेखी संरक्षण हवे. प्रत्येक दुर्घटनेचा चौकशी अहवाल, त्यातली प्रत्येक शिफारस कोणत्या विभागाकडे गेली आणि तिचे काय झाले या तपशिलासह, दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवावा आणि मराठीत सर्वांना वाचायला मिळावा. आपापल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी करावी, असे पत्र त्यांना पाठवा. मी पाठवत आहे.