एक घर आवळून पिस्तूल हलकं होत नाही

गेल्या उन्हाळ्यापासून एक मजकूर नागपुरातल्या माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक शस्त्रधारी माणसाच्या मोबाइलवर येऊन गेला. खासगी सुरक्षेत काम करणारी पोरं, परवानाधारक व्यापारी, माझ्यासोबत निवृत्त झालेले सहकारी, सगळ्यांनी तो मलाही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "फुल साइज पिस्तूल आरामात बाळगायचं असेल तर मऊ कापडी होल्स्टर (पिस्तूल अडकवायचं म्यान) घ्या. वेगळा पट्टा लागत नाही, रोजचाच पट्टा एक घर जास्त आवळा. पिस्तूल पाठीच्या मधोमध ठेवा, म्हणजे दिसत नाही आणि बसताना टोचत नाही. होल्स्टरवरची, पिस्तूल धरून ठेवणारी बटणपट्टी कापून टाका. नागपूरच्या उन्हात चामडं वापरूच नका. एवढं करूनही त्रास झाला, तर मोठं पिस्तूल कमरेला जमतच नाही असं समजा."

मी साध्या वेशात अंगरक्षक म्हणून बरीच वर्षं काढली. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की सकाळी सहाला सफारी चढवायचा, आणि रात्री अकरापर्यंत ९ मिमी पिस्तूल कमरेवरून उतरत नसे. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवर इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं, १३ राउंडच्या मॅगझिनचं, पोलादी. भरलं की किलोभराचं ओझं. म्हणून या मजकुरातलं वाक्य न् वाक्य मला अंगावर आठवतं. त्यातल्या काही सल्ल्यांनी फक्त कंबर दुखेल, पण काहींनी गोळी सुटेल. म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात पट्ट्यापासून करतो. मजकुरात पट्ट्याला एकच ओळ दिली आहे, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

"रोजचाच पट्टा एक घर आवळा." बाजारातला नेहमीचा पट्टा पँट धरून ठेवण्यापुरता बनवलेला असतो. पातळ, आत पुठ्ठा किंवा फोम, वरून चकचकीत पापुद्रा. त्याच्यावर एका बाजूला किलोभर वजन टांगलं की तो त्या जागी पिळतो, त्याची वरची कड बाहेर कलते. पट्टा कलला की होल्स्टर कलतं, मूठ शरीरापासून सुटून बाहेर लोंबते आणि प्रत्येक पावलाला कमरेच्या हाडावर ठोका बसतो. मग माणूस आवळतो. आवळल्याने पिळ जात नाही, फक्त पोट आणि कंबर चेपली जाते. दुपारी जेवण झालं की आणखी चेपली जाते.

माझ्या उजव्या मांडीची बाहेरची बाजू अशीच बधिर व्हायला लागली होती. आधी मुंग्या, मग जळजळ, मग हात लावला तरी लावल्यासारखा वाटेना. मला वाटलं मणक्याचं काहीतरी असेल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पट्टा किती घट्ट बांधता? मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी एक नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून खाली उतरते. घट्ट पट्ट्याने ती दाबली जाते. या दुखण्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात, आणि जड पट्टा बांधणाऱ्या पोलिसांमध्ये ते ओळखीचं आहे. औषधापेक्षा मला पट्टा बदलल्याने आराम पडला.

पट्टा कसा हवा, तर दोन थरांचं कमावलेलं चामडं एकावर एक शिवलेलं, किंवा आत ताठ पट्टी घातलेलं जाड नायलॉन. रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी. जाडी साधारण ५ मिमी. दुकानात एक सोपी परीक्षा करा: दोन्ही हातांत एक वीतभर तुकडा धरून कपडा पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला तर परत ठेवा. दुसरं म्हणजे भोकांमधलं अंतर. नेहमीच्या पट्ट्याला ते एक इंच असतं, त्यामुळे एका घरावर सैल आणि पुढच्या घरावर श्वास अडकतो. अर्ध्या इंचावर भोकं असलेला पट्टा घ्या, नाहीतर मोच्याकडून मधली भोकं पाडून घ्या. आणि शिंप्याला सांगून पँटला दीड इंची पट्टा सहज सरकेल असे लूप शिवून घ्या. होल्स्टर जिथे बसतं त्याच्या मागेपुढे दोन लूप जास्तीचे लावा. मग होल्स्टर घसरत नाही आणि पट्टा हाडावर हलका बसला तरी पिस्तूल जागचं हलत नाही. पिस्तूल पँटच्या आत अडकवणार असाल तर कंबर एक-दीड इंच सैल ठेवायला त्याच वेळी सांगा. ही एवढी कामं केली की अर्ध्याहून अधिक तक्रारी संपतात, असा माझा अनुभव आहे.

आता "मऊ कापडी होल्स्टर". हाताला मऊ लागतं हे खरं. पण कमरेला काय लागतं ते बघा. मऊ कापडातून पिस्तुलाचा प्रत्येक कंगोरा, सेफ्टी कॅच, मागचा घोडा (हॅमर), मॅगझिनचा तळ थेट बरगडीखाली उतरतो. ताठ होल्स्टर हेच टोचणं तळहाताएवढ्या जागेत पसरून देतं. बसायला गादी लागते, पण गादीखाली फळी असते म्हणून ती गादी, तसंच हे.

त्याहून मोठी गोष्ट सुरक्षेची. पिस्तूल काढलं की मऊ होल्स्टरचं तोंड मिटतं. परत घालताना डाव्या हाताने ते उघडावं लागतं, आणि त्या क्षणी नळी आपल्याच बोटांकडे असते. मिटलेल्या कापडाची घडी किंवा शर्टाचं टोक ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरलं आणि आपण वरून दाबलं, तर ट्रिगर आपण न ओढता ओढला जातो. होल्स्टरच्या तोंडाला ताठ कड असावी, ट्रिगर गार्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकला जावा, आणि त्या झाकणाऱ्या भागावर बाहेरून बोट दाबलं तर ते आत ट्रिगरपर्यंत पोचू नये. जुनं होऊन लिबलिबीत झालेलं चामडी होल्स्टर यातच मोडतं. ते कितीही आवडतं असो, बाजूला काढा. होल्स्टर त्याच मॉडेलसाठी बनवलेलं हवं. "सगळ्या पिस्तुलांना बसतं" असं लिहिलेलं कुठल्याच पिस्तुलाला नीट बसत नाही.

"पाठीच्या मधोमध ठेवा." हा सल्ला देणाऱ्याने कधी पाठीवर आपटून बघितलेलं नाही. मी आपटलो आहे. एका सभागृहाच्या ओल्या पायऱ्यांवर गर्दीच्या धक्क्याने पाय सटकला आणि किलोभर पोलाद मणका आणि फरशी यांच्या मध्ये आलं. सहा आठवडे मला वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. मधोमध ठेवलेलं पिस्तूल खुर्चीत टेकू देत नाही, वाकलं की शर्ट वर सरकून उघडं पडतं, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला ते आपल्या हातापेक्षा जवळ असतं. उजव्या हाताच्या माणसाने कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर तीन आणि चारच्या मध्ये ठेवावं. मूठ थोडी पुढे कललेली असावी. त्याने मुठीचं टोक पाठीमागे शर्टातून वर येत नाही.

गाडीत बसताना टोचतं, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं उत्तर परदेशी व्हिडिओत शोधून उपयोग नाही. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे चालकाच्या सीटबेल्टचं बक्कल उजव्या कमरेशी येतं आणि त्यांची सगळी चर्चा त्याच्याभोवती असते. आपल्याकडे बक्कल डावीकडे, उजवीकडून सीटबेल्टचा पट्टा येतो. तो मुठीवरून गेला तर हात अडकतो आणि मूठ पोटात घुसते. बसल्यावर सीटबेल्टचा खालचा भाग मुठीच्या खालून, मांडीलगत घ्या आणि शर्ट वरून सोडा. दुचाकीवर वेगळाच प्रश्न. वर्धा रोडवर वाऱ्याने सुटा बुशशर्ट पाठीवर चढतो आणि मागच्या सिग्नलवरच्या सगळ्यांना पिस्तूल दिसतं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं. लांब आणि थोड्या जड कापडाचा शर्ट घाला, किंवा वरून जॅकेट.

बटणपट्टी कापण्याबद्दल फार लिहीत नाही. "काढायला वेळ लागतो" म्हणे. अंगठ्याने उघडणारी पट्टी शंभर वेळा घरी रिकाम्या पिस्तुलावर उघडून बघा, मग वेळ लागत नाही. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत कोपर लागून किंवा गाडीवरून पडताना पिस्तूल सुटून रस्त्यावर गेलं तर मात्र तो वेळ कुणी परत देणार नाही. आणि परवानाधारकांनो, परवान्यावरची अट वाचा: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात विशेष परवानगीशिवाय शस्त्र न्यायचं नाही. मारबतीची मिरवणूक बघायला जाताना पिस्तूल घरी कुलपात.

"नागपूरच्या उन्हात चामडं नको." या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. चामडं घाम पितं, तो धरून ठेवतं आणि स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, गंज चढवतं. चामड्यात दिवसेंदिवस राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवट थर धरतो, तो चामडं कमावताना वापरलेल्या आम्लांमुळे आणि या ओलीमुळे. पण कापड घाम अजून लवकर पितं, मग मजकुरात चामडं वाईट आणि कापड चांगलं कसं? उन्हाळ्यात कायडेक्ससारखं ताठ प्लास्टिक सरस. ते घाम शोषत नाही, पाण्याने धुता येतं. फक्त ते थेट अंगाला लागू देऊ नका, आत सुती बनियन खोचलेलं असू द्या, नाहीतर घामोळ्या आणि खरचटणं ठरलेलं. चामडंच आवडत असेल तर दोन होल्स्टर ठेवा आणि दिवसाआड बदला. भिजलेलं सावलीत, वाऱ्यावर सुकवा. कडक उन्हात ठेवलं तर ते आकसतं. कूलरसमोर टांगायची सवय अनेकांना आहे, पण कूलरची हवा ओलसर असते, तिथे ते सुकत नाही. पावसाळ्यात तर बुरशी धरते. आणि होल्स्टर कोणतंही असो, रात्री पिस्तूल त्यातून बाहेर काढून, रिकामं करून, पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कुलपात ठेवायचं.

राहिलं "मोठं पिस्तूल कमरेला जमतच नाही." लोक नळीच्या लांबीला घाबरतात. खरं तर शर्टातून उठून दिसते ती मूठ. नळी पट्ट्याच्या खाली जाते आणि मांडीच्या वरच्या भागाला टेकते, त्या टेकण्यानेच वरची मूठ बरगडीकडे दाबली जाते. आखूड नळीच्या पिस्तुलाला हा टेकू मिळत नाही, त्यामुळे ते वरच्या बाजूने बाहेर कलंडतं. मी दोन्ही प्रकार बाळगले. हलक्या, छोट्या पिस्तुलाला दिवसभर हाताने आत ढकलत राहावं लागायचं.

नवीन होल्स्टर आणि पट्टा आणलात की लगेच दिवसभरासाठी बाहेर पडू नका. मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागचं काडतूस बसायचं घर) डोळ्याने आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. वजन बरोबर यावं म्हणून मॅगझिनमध्ये डमी राउंड, म्हणजे न उडणारी नकली काडतुसं, भरा. मग घरातच चार दिवस वावरा. जमिनीवर मांडी घालून जेवा, उकिडवे बसा, जिना चढा-उतरा, अंगणात उभ्या गाडीत बसून सीटबेल्ट लावा. टोचलं तर आधी पट्ट्याचं घर सैल करून बघा, मग होल्स्टर अर्धा इंच पुढे-मागे, मग कल बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. माझ्या बाबतीत ते अर्ध्या इंचाचं सरकणं होतं, कमरेच्या हाडाच्या टोकावरून त्याच्या मागच्या खोलगट जागेत.