डान्स शिकवणारा हवाय, नाचून दाखवणारा नको

अरे किती साधा प्रश्न विचारते मी डान्स क्लासवाल्यांना, की तुमच्या बिगिनर बॅचमध्ये पहिल्या महिन्यात नेमकं काय शिकवता, आणि उत्तर म्हणून काय येतं, तर रील! सरांची रील. सर हवेत उडतायत, सर जमिनीवर गरागरा फिरतायत, मागून धूर येतोय. मस्त नाचतात हो सर, वादच नाही, पण मी सरांचा शो बुक करत नाहीये ना, मला शिकायचंय. एखाद्या साध्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ पाठवा की, जो आला तेव्हा टाळीसुद्धा तालात वाजवत नव्हता आणि आता निदान आठ काउंट, म्हणजे एक ते आठ मोजत ताल, नीट धरतो. तो कधीच नसतो. असला तर स्टेजवर पहिल्या रांगेत उभी केलेली ती दोन-तीन मुलं, जी आधीपासूनच नाचणारी असतात.

बरं, कोणता प्रकार शिकवता विचारलं की "सगळं". हिपहॉप, साल्सा, कंटेम्पररी, बॉलिवूड, फ्रीस्टाइल, सगळं एकाच बॅचमध्ये, एकाच तासात. अहो साल्सा म्हणजे दुसऱ्या माणसाबरोबर, लीड-फॉलो करत (एकाने इशारा द्यायचा, दुसऱ्याने तो पाळायचा) करायचा नाच, आणि कंटेम्पररीत अर्धा वेळ जमिनीवर लोळायचंय, पडायचं कसं तेसुद्धा शिकावं लागतं, नाहीतर कोपर गेलंच म्हणून समजा. एका ठिकाणी मी विचारलं की साल्सा ऑन वन शिकवता का ऑन टू. फार मोठं विचारलं नाही हो, आठ काउंटात पावलं सहाच, 1-2-3 आणि 5-6-7, चार आणि आठला पाऊल नाही, आता दिशा बदलते ती 1 आणि 5 ला की 2 आणि 6 ला एवढंच. न्यूयॉर्कमध्ये साल्सा शिकवणाऱ्या एडी टॉरेस यांनी ऑन टू इतकं लोकप्रिय केलं की जगभर त्यावर दोन तट पडलेत. आणि हे साल्सा शिकवणारे सर माझ्याकडे असं बघतायत जणू मी त्यांचा पगार विचारला. मग म्हणे, "मॅम, तुम्ही इतका विचार करू नका, फक्त फील करा."

फील करा!! या दोन शब्दांवर ह्या लोकांचं दुकान चालतं. पाय कुठे टाकायचा, फील करा. वळताना तोल जातोय, फील करा. आरशाकडे तोंड करून स्वतःलाच बघत नाचणार, पाठीमागे तीस जणं धडपडतायत त्यांच्याकडे वळून बघणार नाहीत, आणि वर "बघा, असं, मग असं, आणि मग अस्सं". अरे पण वजन कुठल्या पायावर आहे ते सांगा ना! नवशिक्याचा निम्मा घोळ तिथेच असतो, दोन्ही पायांवर वजन वाटून उभं राहिलं की पुढचं पाऊल उचलायला पाय मोकळाच राहत नाही, मग तो कायम अर्धा बीट मागे. एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तरी पंधरा मिनिटांत फरक पडतो. पण ज्याला लहानपणापासून आपोआप जमलंय त्याला आपण नेमकं काय करतो हेच माहीत नसतं, तो सांगणार कुठून. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स 1920 साली सुरू झाली ती मुळात बॅले शिकवण्याचा दर्जा सुधारावा म्हणूनच. म्हणजे नाचता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं हे शंभर वर्षांपूर्वी लोकांना कळलेलं, आणि आमच्या सरांच्या भिंतीवर मात्र नुसती स्पर्धांची सर्टिफिकेटं आणि सेलिब्रिटीबरोबरचे फोटो.

आणि घाई केवढी! दुसऱ्याच आठवड्यात गाणं बसवायला घेतात. कथकवाल्यांकडे बघा, तीनतालाच्या सोळा मात्रांत नुसता तत्कार, म्हणजे पायांनी बोल वाजवणं, महिनोन्महिने करून घेतात, कंटाळा येतो, पाय भरून येतात, पण नंतर कुठलाही तुकडा दिला तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकत नाही. इथे आपलं एका गाण्याचा अर्धा मिनिट पाठ, शूटिंग, अपलोड, पुढचं गाणं. वर्षभरानंतर गाणं बदललं की माणूस परत कोराच.

शरीराचं तर विचारूच नका, इथे माझं डोकं खरंच फिरतं. वॉर्मअप म्हणजे चार उड्या. त्याही सिमेंटवर चिकटवलेल्या टाइल्सवर, पोटऱ्या आणि नडग्या दुखल्या की "स्टॅमिना वाढवा". खाली थोडी लवणारी लाकडी फ्लोअर का लागते ते माहीतच नाही. रबरी सोलचे जाड बूट घालून गिरक्या मारायला लावतात, पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि वरचं अंग फिरतं, मग पीळ बसतो थेट गुडघ्याला. एक बाई तर एका मुलीची पावलं हाताने धरून बाहेर वळवत होत्या, अजून, अजून, अजून. अहो टर्नआउट, म्हणजे बॅलेत पाय बाहेर वळवणं, खुब्यातून येतो, पावलं जबरदस्तीने वळवली की गुडघ्याची वाट लागते! आणि त्याच ठिकाणी सात-आठ वर्षांच्या पोरींना पॉइंट शूज घालून फोटो काढलेले. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी, आणि त्याआधी काही वर्षं नीट ट्रेनिंग झाल्याशिवाय, पायाच्या टोकावर उभं करत नाहीत हो, हाडं अजून तयार होत असतात. पण आईबाप खूश, फोटो छान आलाय ना.

पण सगळ्यात संतापजनक म्हणजे हे डेमोचं नाटक. डेमो क्लासला स्वतः मोठे सर, हसतमुख, प्रत्येकाला नावाने हाक, तुमच्या खांद्यात टेन्शन आहे वगैरे अगदी बारीक निरीक्षण. तुम्ही विरघळता, तीन महिन्यांची फी आगाऊ भरता. आणि सोमवारी समोर उभा कोण, तर एक मुलगा जो स्वतः गेल्या वर्षी शिकायला आलेला. सर? सर टूरवर. पुढच्या आठवड्यात? सर शूटला. सर येतात ते थेट वार्षिक शोच्या आधी, कॉस्च्यूमचे वेगळे पैसे गोळा करायला, आणि शो कंपल्सरी बरं का, मला स्टेजवर जायचंच नाहीये म्हटलं तर "मॅम, कॉन्फिडन्स वाढवायला हवा तुमचा". त्या मुलाला मी दोष देत नाही, तो बिचारा जेवढं येतं तेवढं प्रामाणिकपणे करतो, निदान वळून बघतो तरी आमच्याकडे. पण मग डेमोपण त्यालाच घेऊ द्या ना.

रिसेप्शनला जाऊन म्हटलं, ज्यांना बघून पैसे भरले ते शिकवत नाहीत, उरलेली फी परत करा. तर त्या मुलीने फॉर्म उलटा करून मागच्या बाजूची सगळ्यात बारीक अक्षरातली ओळ दाखवली, "शिक्षक बदलण्याचा अधिकार संस्थेकडे राखीव, फी परत मिळणार नाही". वर विचारते कशी, पुढच्या टर्मला अर्ली बर्ड डिस्काउंट आहे, नाव लिहू का?