‘पाच मिनिटांच्या कामाला आठवडा लावला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की तुमच्या पॅकहाऊसच्या डेटाबेसमधल्या डुप्लिकेट ओळी एकत्र करायचं पाच मिनिटांचं काम आम्ही आठवडाभर लांबवलं, तेही ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये. तुमच्या भाच्याने ते एक्सेलमध्ये फुकट करून दिलं असतं. आणि एवढं करून ‘या ओळी तुम्हीच बघा’ म्हणत एक लांबलचक यादी तुमच्याच गळ्यात मारली. रिव्ह्यू सगळ्यांना दिसतो, म्हणून उत्तरही इथेच देतो. पॅकहाऊसचं नाव घेत नाही, आणि खालची वजनं नमुन्याची आहेत, तुमच्या वहीतली नाहीत.

सीझनचं आधी उरकतो. बँकेला स्टॉकचा हिशेब द्यायचा म्हणून तारीख तुम्हीच ठरवलीत. आम्ही मे महिना सुचवला होता, तो मेल तुमच्याकडे आहे.

आता एक्सेल. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, त्यापुढची एकही नाही. तुमचं टेबल त्याच्या बरंच पुढे गेलंय. 2020 मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलवर भिस्त ठेवली. त्या फाइलची हद्द 65,536 ओळींची, आणि सुमारे 16,000 कोरोनाबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. शिवाय एक्सेल स्वतःचं डोकं चालवतं. गट नंबर 3/12 टाकला की त्याची 3 डिसेंबर तारीख होते. तुमच्या टेबलात निफाड-दिंडोरीकडचे असे ‘डिसेंबरात’ गेलेले गट आम्हाला सापडले, आणि ते तिथे कुठून आले असतील हे भाच्याला विचारायला हरकत नाही.

मूळ कामाकडे येतो. तुमच्या एकाच लॉटच्या तीन ओळी होत्या: एक गेटवरच्या काट्याची, एक पॅकिंगची, एक कोल्ड स्टोरेजची. कॉलम दोनशेच्या वर. प्रत्येकाने आपापले रकाने भरलेले, बाकीचे कोरे. या तिन्हींची एक ओळ करायची.

सोपा वाटणारा रस्ता असा, की एकेक कॉलम घ्यायचा आणि कोरी जागा दुसऱ्या ओळीतून भरायची. म्हणजे दोनशे अपडेट. पण पोस्टग्रेसमध्ये (तुमचा डेटाबेस ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) एक रकाना बदलला तरी त्या ओळीची नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी प्रत व्हॅक्यूम, म्हणजे साफसफाई, होईपर्यंत मेलेली पडून राहते. दोनशे वेळा हे केलं असतं तर टेबल फुगून डिस्क भरली असती, इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) सांभाळण्याचं काम वेगळंच. म्हणून आम्ही जुन्या टेबलाला हात न लावता लॉट नंबरवर ग्रुप करून, म्हणजे एका लॉटच्या ओळी एकत्र धरून, एकाच फेरीत नवं टेबल बनवलं. इंडेक्स शेवटी लावले, आणि रात्री एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका झटक्यात, दोन्ही टेबलांची नावं बदलली. दरम्यान आलेल्या नोंदी ‘इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट’ने (ओळ आधीच असेल तर नवी न टाकता तीच बदलायची) मिसळल्या, त्याही खरोखर फरक असेल तरच. पोस्टग्रेसमध्ये हेच काम करणारी ‘मर्ज’ कमांड 15व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2022 पासून आहे. तुमचा सर्व्हर त्याहून जुना.

यात मशीनला लागलेला वेळ एका रात्रीत बसतो. आठवडा गेला तो दुसऱ्याच गोष्टीत.

ग्रुप केल्यावर प्रत्येक कॉलममधून एकच किंमत, म्हणजे रकान्यातली नोंद, उचलायची असते. बहुतेक जण डोळे झाकून ‘मॅक्स’, म्हणजे सगळ्यात मोठी नोंद निवडणारं फंक्शन, लावतात. कोरे रकाने तो आपोआप गाळतो, त्यामुळे निकाल छान भरलेला दिसतो. आता वजनाचा कॉलम बघा. काट्याच्या ओळीत 1,050 किलो, पॅकिंगच्या ओळीत 950. पन्नास क्रेट, दोन-दोन किलोचे. ‘मॅक्स’ 1,050 उचलणार आणि शेतकऱ्याच्या पट्टीत तुम्ही शंभर किलो प्लास्टिकचे पैसे द्राक्षाच्या भावाने मोजणार. रेसिड्यू रिपोर्टची (द्राक्षात उरलेल्या फवारणीच्या औषधांची तपासणी) गंमत तर याहून भारी. तो शेरा तुमच्याकडे इंग्रजीत आहे. वर्णक्रमात ‘फेल’च्या एफनंतर ‘पास’चा पी येतो, म्हणून एक नमुना फेल आणि दुसरा पास असेल तर ‘मॅक्स’ दर वेळी पासच निवडणार. कंटेनर युरोपात पोचल्यावर हे कळलं असतं तर रिव्ह्यूत किती स्टार दिले असते?

म्हणून आधी प्रत्येक कॉलमचा मिन आणि मॅक्स काढला. दोन्ही सारखे असतील तर त्या लॉटमध्ये वाद नाही, किंमत बिनधास्त उचलायची. वेगळे असतील तर वाद आहे. वेगवेगळ्या किमती मोजत बसण्यापेक्षा ही तुलना स्वस्त पडते, कारण दर कॉलमला वेगळं सॉर्टिंग लागत नाही. त्याआधी ‘-’, ‘एनए’ आणि नुसत्या स्पेस टाकलेले रकाने खरे कोरे करावे लागले, नाहीतर डेटाबेस त्यांनाही माहितीच समजतो. मग वादाच्या कॉलमांसाठी नियम ठरवायचे: वजन पॅकिंगचं, आवक वेळ काट्याची, तापमान कोल्ड स्टोरेजचं. हे नियम तुमच्या मॅनेजरसोबत बसून ठरले. फोन उचलले जायचे तेव्हा, इतकंच म्हणतो.

एवढं करूनही ज्यांना नियम लागू झाला नाही त्या ओळी म्हणजे तुमच्या गळ्यातली यादी. एकाच लॉटवर दोन बँक खाती, किंवा दोन वेगळे रेसिड्यू निकाल. यातलं खरं कोणतं हे आमच्या ऑफिसात बसून कुणी ठरवलं, तर त्याला काम पूर्ण करणं म्हणत नाहीत. तो अधिकार आमचा नाहीच. यादीत दोन्ही किमती शेजारी-शेजारी आहेत आणि कोणती ओळ कुठून आली तेही. फाइल बघणाऱ्या माणसाला फक्त टिक करायची आहे. टिक करून फाइल पाठवा, आम्ही त्या नोंदी चढवतो, त्याचं वेगळं बिल होणार नाही. मूळ कोटेशनमध्येच ते धरलंय.

लॉट नंबरवर आता युनिक इंडेक्स आहे, त्यामुळे काट्यावरून दुसरी ओळ पडायची बंद झाली. ‘एरर येतेय’ अशी गेटवरून तक्रार आली तर इंडेक्स काढू नका, आम्हाला फोन करा. जुनं टेबल नाव बदलून सर्व्हरवर तसंच ठेवलंय. यादी निकाली निघेपर्यंत ते कुणी डिलीट करू नये, भाच्यालाही सांगून ठेवा.